अन्नाच्या अ‍ॅलर्जीवरची ओरल इम्युनोथेरपी अधिक सुरक्षित कशी होते आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेंगदाणा, दूध, अंडं यांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील आणि काही मोठी माणसं सतत जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत गोष्टी आहेत, शेवटाकडे अडचणीचे अपवाद. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. डोसचे आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. ते पाहून घरी काहीही सुरू करू नका.

१. ओरल इम्युनोथेरपीत नेमकं करतात काय?

ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे तोच पदार्थ आधी अगदी नगण्य मात्रेत आणि मग हळूहळू वाढवत रोज खायला देतात. थोडक्यात तिला ओआयटी म्हणतात. पहिल्या दिवशी दवाखान्यात काही तास बसवून थोडे थोडे डोस देतात आणि किती सोसतं ते पाहतात. पुढे ठरलेला डोस रोज घरी घ्यायचा. वाढीव डोस मात्र पहिल्यांदा नेहमी दवाखान्यात, देखरेखीखाली. शेवटी एका मात्रेवर थांबून तीच रोज चालू ठेवायची.

शेंगदाण्यासाठी अमेरिकेत २०२०मध्ये मान्यता मिळालेली पॅलफोर्झिया नावाची औषधी पावडर घ्या. पहिल्या दिवशी ०.५ ते ६ मिलिग्रॅम प्रथिन, मग ३ मिलिग्रॅमपासून अकरा पायऱ्या चढत ३०० मिलिग्रॅमपर्यंत, प्रत्येक पायरीवर दोन आठवडे. ३०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक शेंगदाणा. एका दाण्यासाठी जवळपास सहा महिने लागतात हे ऐकून बरेच जण हिरमुसतात. पण हा संथपणाच इथे सुरक्षिततेचं पहिलं साधन आहे.

कल्पना जुनी आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या एका मुलाला अत्यल्प मात्रेपासून अंडं देत नेल्याची नोंद आल्फ्रेड स्कोफिल्ड या डॉक्टरांनी १९०८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली होती. तेव्हापासून आजवर खरी डोकेदुखी एकच राहिली आहे: वाटेत येणाऱ्या रिअ‍ॅक्शन.

२. जे विष ठरतं तेच रोज दिल्याने शरीर शांत कसं होतं?

अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या मास्ट पेशी आणि बेसोफिल पेशींवर आयजीई नावाच्या अँटिबॉडी चिकटून बसलेल्या असतात. त्या पदार्थातलं प्रथिन त्यांना भिडलं की पेशी हिस्टामाइन आणि इतर रसायनं सोडतात आणि मिनिटांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास अडतो. रोजच्या छोट्या डोसांनी या पेशी हळूहळू मंदावतात. प्रथिनाला आयजीईपर्यंत पोचण्याआधीच अडवणाऱ्या आयजीजी-४ अँटिबॉडी वाढतात. प्रतिसादाला लगाम घालणाऱ्या टी पेशींचाही यात वाटा असतो.

पहिल्या काही महिन्यांत रक्तातली आयजीई कमी होण्याऐवजी वाढते, नंतर उतरते. त्यामुळे मध्येच तपासणी करून आकडा चढलेला दिसला, तर उपचार उलटला असा अर्थ काढू नका.

३. म्हणजे अ‍ॅलर्जी बरी होते ना?

बहुतेकांची नाही. रोज डोस चालू असेपर्यंत सहन होण्याची मर्यादा वाढलेली राहणं ही एक गोष्ट, आणि डोस थांबवल्यावरही ती टिकणं ही वेगळी. पहिली बऱ्याच जणांना साधते, दुसरी थोड्यांनाच.

अंड्यावरच्या २०१२च्या एका चाचणीत ५५ मुलं होती. बावीस महिन्यांच्या उपचारानंतर ओआयटी घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के मुलं अंड्याची मोठी मात्रा पचवू शकली. मग अंडं पूर्ण बंद करून पुन्हा तपासलं, तेव्हा तेवढा टिकाव २८ टक्क्यांतच दिसला. शेंगदाण्यावर स्टॅनफर्डमध्ये झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चित्र आणखी कडक होतं. डोस पूर्ण थांबवलेल्या गटात वर्षभराने फक्त १३ टक्के जण ४ ग्रॅम शेंगदाणा प्रथिन पचवू शकत होते. रोज ३०० मिलिग्रॅम चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं.

म्हणून ‘किती महिन्यांचा कोर्स?’ हा प्रश्नच इथे बसत नाही. लहान वयात सुरू केलेल्यांचं चित्र जरा वेगळं आहे. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

४. उपचारात धोका किती? खरं सांगा.

डॉक्टरांशी बोलताना आईवडिलांनी सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवावा, असं मला वाटतं.

२०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेंगदाण्याच्या ओआयटीच्या १२ चाचण्यांचा, १,०४१ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. ओआयटी घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना सगळ्या शरीरावर पसरणारी, जिवावर बेतू शकणारी रिअ‍ॅक्शन म्हणजेच अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला. पदार्थ टाळणाऱ्या किंवा प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेलं बिनऔषधी सोंग, घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. म्हणजे ज्या रिअ‍ॅक्शनपासून वाचायचं, ती उपचाराच्या काळात तिपटीने जास्त. या आढाव्यावर बराच वाद झाला. डोस आपण ठरवून देतो, जागा आणि वेळ माहीत असते, औषध हाताशी असतं. अशा रिअ‍ॅक्शनला बाहेर नकळत झालेल्या रिअ‍ॅक्शनच्या पंगतीत बसवता येत नाही, असं उपचाराचे समर्थक म्हणतात. युक्तिवाद चुकीचा नाही. पण रात्री नऊला पोराला धाप लागली, की ती ‘अपेक्षित’ होती याने घरच्यांची भीती कमी होत नाही.

पॅलफोर्झियाच्या मान्यतेचा आधार असलेली पॅलिसेड ही चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. ४ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये उपचाराच्या काळात अ‍ॅड्रेनालिन हे तातडीचं इंजेक्शन द्यावं लागलेल्यांचं प्रमाण १४ टक्के होतं, प्लासिबो गटात ६.५ टक्के. सुमारे ११ ते १२ टक्के मुलांनी त्रासामुळे उपचार सोडला. याच चाचणीत शेवटी ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिन पचवू शकलेल्यांचं प्रमाण ६७ टक्के विरुद्ध ४ टक्के होतं, तेव्हा फायदाही खराच आहे.

बहुतांश रिअ‍ॅक्शन सौम्य असतात: तोंडाला खाज, पोटात कळ, चार-दोन ठिकाणी पित्त. पण दुधाच्या ओआयटीत जिवावर बेतलेल्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. दूध सौम्य, म्हणून त्याचा उपचारही सौम्य, हा समज सोडून द्या.

५. मग टाळणं काय वाईट? हा उपचार घ्यायचाच कशाला?

टाळणं हा आजही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. ज्या मुलाला वर्षानुवर्षं अपघाती रिअ‍ॅक्शन झालेली नाही, घरचे सावध आहेत आणि मूल मजेत आहे, त्याला रोजचा डोस मागे लावण्याची घाई नसावी. उलट अगदी कणभर मात्रेनेही ज्याला गंभीर त्रास होतो, ज्याचं कुटुंब बाहेर जेवायलाही घाबरतं, किंवा दुधासारखा टाळायला कठीण पदार्थ ज्याला चालत नाही, त्याच्यासाठी एका दाण्याएवढं संरक्षणही मोठं असतं. नकळत पोटात जाणारी मात्रा सहसा त्याहून कमीच असते.

६. ‘अधिक सुरक्षित ओआयटी’ म्हणजे संशोधक बदलतात तरी काय?

तीन बाजूंनी प्रयत्न चालू आहेत. पहिली बाजू म्हणजे मात्रा आणि वय: कमी डोस, संथ वाढ, लवकर सुरुवात (प्रश्न ७ आणि ८). दुसरी, पदार्थालाच सौम्य करून देणं किंवा तो वेगळ्या वाटेने देणं (प्रश्न ९, १२, १३). तिसरी, आयजीईला आधी निकामी करणारं औषध जोडीला देणं (प्रश्न १०).

बातम्या तिसरीच्या जास्त येतात. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठा फरक पहिल्या बाजूने पडतो, आणि तिच्यात विकण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

७. डोस छोटाच ठेवला तर फायदाही छोटाच मिळतो का?

असं वाटणं साहजिक आहे, पण पुरावा तसं म्हणत नाही. ९ ते ३६ महिन्यांच्या ३७ मुलांवरच्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काहींना रोज ३०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिन दिलं, काहींना दहापट म्हणजे ३,००० मिलिग्रॅम. उपचार संपवून चार आठवडे थांबल्यावर तपासलं, तर दोन्ही गटांचे निकाल तुल्यबळ निघाले. अभ्यास छोटा होता हे खरं, पण त्यानंतर कमी मात्रेकडचा कल वाढत गेला.

खरा प्रश्न ध्येयाचा आहे. मुलाने मूठभर दाणे खावेत हे ध्येय ठेवलं, तर वर चढताना जास्त पायऱ्या, जास्त रिअ‍ॅक्शन, जास्त गळती. नकळत तोंडात गेलेल्या तुकड्याने इस्पितळ गाठावं लागू नये एवढंच ध्येय ठेवलं, तर एका दाण्यावर थांबता येतं. ‘पूर्ण खाता आलं पाहिजे’ हा आग्रह पुष्कळदा मुलाचा नसतो, आपला असतो. उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा: आपण कुठे थांबणार आहोत?

८. मुलगी दीड वर्षाची आहे. मोठी होऊ द्यावी की आताच सुरू करावं?

लहान वयातले निकाल आजवरचे सर्वांत आश्वासक आहेत. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्पॅक्ट चाचणीत १ ते ३ वर्षांच्या १४६ मुलांपैकी काहींना १३४ आठवडे शेंगदाण्याची ओआयटी दिली, काहींना प्लासिबो. उपचाराच्या शेवटी ७१ टक्के मुलं ५ ग्रॅम प्रथिन पचवू शकली, प्लासिबोतली २ टक्के. मग २६ आठवडे शेंगदाणा पूर्ण बंद ठेवूनही २१ टक्के मुलांची सहनशक्ती टिकून होती. चाचणीत सुरुवातीला जी मुलं वयाने जास्त लहान होती आणि ज्यांची शेंगदाण्याची आयजीई कमी होती, त्यांना हा टिकाव अधिक साधला.

सुरक्षिततेतही लहान वय उजवं दिसतं. कॅनडात चाचणीबाहेर, नेहमीच्या दवाखान्यांत ओआयटी घेतलेल्या २७० शाळापूर्व वयाच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के देखभालीच्या, म्हणजे रोज कायम ठेवायच्या डोसपर्यंत पोचली आणि सुमारे ४ टक्क्यांना अ‍ॅड्रेनालिन लागलं. पॅलफोर्झियाची मान्यता २०२४मध्ये १ ते ३ वर्षांच्या मुलांपर्यंत वाढवली गेली.

एक अडचण मात्र आहे. दीड वर्षाच्या मुलीला घशात खवखवतंय, छाती आवळतेय हे सांगता येत नाही. अचानक गप्प होणं, चिकटून बसणं, जीभ खाजवणं, विनाकारण रडणं याकडे लक्ष ठेवावं लागतं. शिवाय दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात आपोआप जाते. तिथे थांबून पाहणं हाही शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. शेंगदाण्याची मात्र थोड्याच मुलांची जाते.

९. केकमधलं अंडं चालतं पण उकडलेलं चालत नाही. हे उपचारात वापरता येतं का?

हो, आणि ही वाट बरीच वापरात आहे. दूध किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे ७० टक्के मुलांना ओव्हनमध्ये चांगलं भाजलेल्या पदार्थातलं दूध-अंडं चालतं. जास्त उष्णतेने काही प्रथिनांची घडी उलगडते आणि आयजीईला पकडायची जागा सापडत नाही. पिठात मिसळून भाजल्याने प्रथिन आणखी अडकून बसतं. पण अंड्यातलं ओव्होम्युकॉइड आणि दुधातलं केसीन उष्णतेला दाद देत नाहीत. ज्याची आयजीई यांच्याविरुद्ध आहे, त्याला केकही बाधू शकतो. म्हणून पहिला घास घरी नको, दवाखान्यात.

शेंगदाण्याचं उलट आहे. भाजल्याने तो अधिक उग्र होतो, पाण्यात उकळल्याने सौम्य, कारण काही प्रथिनं पाण्यात उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या २०२३च्या एका अभ्यासात ६ ते १८ वर्षांच्या ७० जणांना आधी बारा तास उकळलेले, मग दोन तास उकळलेले आणि शेवटी भाजलेले दाणे टप्प्याटप्प्याने दिले. ५६ जणांनी ठरलेली मात्रा गाठली. तुलनेसाठी प्लासिबो गट नव्हता, त्यामुळे याला पक्का पुरावा म्हणता येत नाही, पण कल्पना साधी आणि स्वस्त आहे.

हे वाचून कुकर लावायला जाऊ नका. कारण प्रश्न १८मध्ये आहे.

१०. ओमॅलिझुमॅबच्या इंजेक्शनबद्दल खूप ऐकतोय. ते घेतलं तर ओआयटीची गरजच उरत नाही का?

ओमॅलिझुमॅब रक्तातल्या आयजीईला धरून ठेवतं आणि पेशींवर बसू देत नाही. दर दोन किंवा चार आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं. मात्रा वजन आणि एकूण आयजीईवरून ठरते. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत एक वर्षावरील रुग्णांसाठी, नकळत झालेल्या संपर्काने होणाऱ्या रिअ‍ॅक्शन कमी करायला त्याला मान्यता मिळाली. ज्या आउटमॅच चाचणीवरून ती मिळाली, तिच्यात औषध घेतलेल्यांपैकी ६७ टक्के जण ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिन पचवू शकले, प्लासिबोवर ७ टक्के. एकच औषध सगळ्या पदार्थांवर काम करतं, हा त्याचा मोठा गुण.

ओआयटीच्या जोडीला दिलं तर ती सुकर होते. एकाच वेळी अनेक पदार्थांची ओआयटी घेणाऱ्या ४ ते १५ वर्षांच्या ४८ मुलांच्या २०१८च्या चाचणीत ओमॅलिझुमॅबच्या आधाराने ८३ टक्के मुलं किमान दोन पदार्थांची २ ग्रॅम मात्रा पचवू शकली, आधाराविना ३३ टक्के. दर शंभर डोसांमागे त्रास देणारे डोसही आधाराच्या गटात निम्म्याहून कमी होते.

दोघांची थेट तुलना आउटमॅचच्या पुढच्या टप्प्यात झाली. २०२५मध्ये जाहीर झालेल्या निकालांत प्रत्येकाच्या अ‍ॅलर्जीच्या तिन्ही पदार्थांची २ ग्रॅम मात्रा पचवणारे ओमॅलिझुमॅब गटात ३६ टक्के होते, ओआयटी गटात १९ टक्के. मुख्य कारण हे, की ओआयटी गटातले बरेच जण त्रासामुळे मध्येच बाहेर पडले.

तरीही सगळ्यांना इंजेक्शनच द्यावं असं मी म्हणणार नाही. इंजेक्शन थांबलं की संरक्षण ओसरतं. प्रत्येकाला पुरेसा गुण येत नाही. क्वचित या औषधानेच अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो, म्हणून पहिले डोस देखरेखीखाली देतात. ओआयटीसोबत घेत असाल तर ते बंद करण्याचा काळ विशेष जपावा लागतो: आजवर शांतपणे पचणारा डोस आधार निघाल्यावर बोचू लागू शकतो.

११. प्रोबायोटिकमुळे, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या पुरवणीमुळे, ओआयटीचा गुण वाढतो म्हणतात. द्यायचं का?

मेलबर्नच्या संशोधकांनी हे नीट तपासलं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत प्रोबायोटिकसह ओआयटी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांना टिकाऊ सहनशक्ती मिळाली, नुसती ओआयटी घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना. परिणाम वाढला नाही. त्यासाठी वेगळा खर्च करण्याजोगं यात काही दिसत नाही.

१२. पट्टी, जिभेखालचे थेंब, टूथपेस्ट हे खरे उपचार आहेत की जाहिराती?

खरे आहेत, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर. तिघांमागचा विचार एकच: पोटात मिलिग्रॅमचे शेकडे घालण्याऐवजी त्वचेतून किंवा तोंडाच्या अस्तरातून फार थोडी मात्रा द्यायची. शेंगदाण्याच्या पट्टीत २५० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे ओआयटीच्या एका दाण्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. १ ते ३ वर्षांच्या मुलांवरच्या २०२३च्या चाचणीत पट्टीने ६७ टक्के मुलांना गुण आला, प्लासिबोने ३३.५ टक्क्यांना. उपचारामुळे अ‍ॅनाफिलॅक्सिस १.६ टक्क्यांना झाला. त्वचेला खाज आणि लाली मात्र जवळपास ठरलेली.

जिभेखालच्या थेंबांत रोजची मात्रा काही मिलिग्रॅमच असते. त्रास बहुधा तोंडापुरता राहतो, पण ओआयटीइतकी उंची गाठता येत नाही. टूथपेस्टची चाचणी प्रौढांवर, पहिल्या टप्प्यात झाली आहे. गंभीर त्रास दिसला नाही. गुण किती येतो, हे ठरवायला तेवढं पुरत नाही.

१३. अ‍ॅलर्जी न करणारा शेंगदाणाच का बनवत नाहीत?

प्रयत्न झाला आणि धडा मिळाला. शेंगदाण्यातली महत्त्वाची प्रथिनं बदलून, आयजीईला पकडता येणार नाहीत अशी करून, जिवाणूंच्या आत भरून गुदमार्गे द्यायची योजना होती. प्राण्यांत छान चाललं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहा जणांपैकी दोघांना अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला. कागदावर सौम्य केलेलं प्रथिन माणसाच्या शरीरात सौम्यच वागेल याची हमी नाही.

वेगळी वाट म्हणजे पेशीच्या आतला संदेशच थोडा वेळ बंद करणं. अकॅलाब्रुटिनिब हे कर्करोगावरचं औषध २०२३च्या एका छोट्या अभ्यासात दहा प्रौढांना फक्त चार डोस दिलं. आधी साधारण २९ मिलिग्रॅमवर ज्यांना त्रास व्हायचा, त्यांच्यातल्या सात जणांनी ४ ग्रॅमहून जास्त शेंगदाणा प्रथिन पचवलं. रोज घेण्यासारखं हे औषध नाही, पण धोक्याच्या दिवसापुरतं कवच म्हणून ही दिशा लक्ष ठेवण्याजोगी आहे.

१४. तीन महिने तोच डोस पचत होता आणि परवा अचानक रिअ‍ॅक्शन. पावडर खराब होती का?

बहुधा पावडर तीच होती, शरीर त्या दिवशी वेगळं होतं. ताप, सर्दी, जुलाब, अपुरी झोप, रिकामं पोट, मासिक पाळी, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, मद्य, गरम पाण्याची अंघोळ आणि सगळ्यांत ठळक म्हणजे व्यायाम: यांतलं काहीही सहनशक्तीची मर्यादा त्या दिवसापुरती खाली आणू शकतं. दोन गोष्टी जुळून आल्या तर अधिकच.

म्हणून डोस जेवणासोबत, भरल्या पोटी. नंतर निदान दोन-तीन तास पळापळ, खेळ, गरम अंघोळ नको. लगेच झोपवूही नका, कारण झोपेतली रिअ‍ॅक्शन कळत नाही. शाळेतून दमून आल्या आल्या डोस आणि लगेच मैदान हा क्रम टाळला तरी पुष्कळ त्रास वाचतो. ताप किंवा पोट बिघडलं असेल तर डोस कमी करायचा की थांबवायचा, याचा लेखी आराखडा डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा; ऐन वेळी फोन लागेलच असं नाही.

१५. रोज डोसच्या आधी अँटीहिस्टामाइन दिली तर चालेल का?

डॉक्टरांनी सांगितली असेल तर द्या. तोंडाची खाज आणि पित्त तिने कमी होतं. पण ती अ‍ॅनाफिलॅक्सिस रोखत नाही आणि सुरुवातीची सूचना देणारी लक्षणं झाकू शकते. आपल्या मनाने रोज देत राहिलात, तर डोस जड होतोय हे कुणालाच कळणार नाही.

१६. सतत पोट दुखतं, मधून मधून उलटी होते. सवय होईल म्हणून चालू ठेवावं का?

पहिल्या आठवड्यांत थोडी पोटदुखी सामान्य आहे. पण ती महिनोन् महिने राहिली, गिळताना अन्न अडकायला लागलं, मूल जेवण टाळू लागलं किंवा वजन थांबलं, तर इओसिनोफिलिक इसोफेजायटिसची, म्हणजे अन्ननलिकेच्या अ‍ॅलर्जीजन्य दाहाची शंका घ्यावी लागते. २०१४च्या एका आढाव्यात ओआयटी घेणाऱ्या सुमारे २.७ टक्के रुग्णांत हा आढळला. ओआयटी थांबवल्यावर तो बहुधा निवळतो. ही रिअ‍ॅक्शन मिनिटांत येत नाही, म्हणून डोसशी तिचा संबंध घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो. पोटाच्या त्रासाची तारीखवार नोंद ठेवलीत तर डॉक्टरांचं काम फार सोपं होतं.

१७. प्रवासात डोस चुकले. पुन्हा तिथूनच सुरू करू?

एक-दोन दिवस चुकले तर पॅलफोर्झियाच्या सूचनेनुसार तोच डोस पुढे घेता येतो. सलग तीन किंवा जास्त दिवस गेले असतील तर घरी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा डोस खाली आणून, दवाखान्यात देऊन पुन्हा सुरुवात करतात. चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट कधीच घ्यायचा नाही.

१८. शेवटी तो शेंगदाणाच आहे. घरी वजन करून पूड दिली तर काय बिघडलं?

पुष्कळ दवाखाने ओआयटीसाठी साधं खाद्यपदार्थच वापरतात, त्यामुळे पूड औषधी दर्जाचीच हवी असं नाही. पहिल्या पायऱ्या मात्र मिलिग्रॅमच्या असतात. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली नीट मोजत नाही आणि ३ ऐवजी ३० मिलिग्रॅम गेलं तर ते डोळ्याला दिसतही नाही. दाण्यागणिक प्रथिन कमीजास्त, उकळण्याच्या वेळेने आणखी फरक. शिवाय नवा डोस देताना किमान तासभर निरीक्षण, ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिन आणि ते द्यायला सरावलेला हात लागतो. घरी यातलं काहीच नसतं.

१९. दमा असलेल्या मुलाला देता येतं का? आणखी कुणाला नाही?

दमा पूर्ण आटोक्यात असेल तर देता येतं. आटोक्यात नसेल तर अजिबात नाही. गंभीर रिअ‍ॅक्शन जिवावर बेतण्यामागे बहुतेक वेळा बेलगाम दमाच असतो. दमा बळावला की डोस थांबवून आधी तो शांत करायचा. अन्ननलिकेचा वर सांगितलेला दाह आधीच असेल, रोज डोस देण्याची आणि अ‍ॅड्रेनालिन वापरण्याची घराची तयारी नसेल, तरी सुरू करत नाहीत. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत. रक्तदाब किंवा हृदयासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर अ‍ॅड्रेनालिनचा गुण कमी येऊ शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

२०. मी पस्तिशीचा आहे. मोठ्यांना उपयोग होतो का?

होऊ शकतो, पण पुरावा कमी आहे. पॅलिसेडमध्ये १८ ते ५५ वयोगटात गुण आलेल्यांचं प्रमाण ४१.५ टक्के होतं, प्लासिबोवर १४.३. संख्या इतकी लहान होती की फरक निर्णायक मानला गेला नाही. नोकरी, प्रवास, व्यायाम आणि मद्य यांमुळे प्रश्न १४मधली पथ्यं मोठ्यांना जास्त जड जातात.

२१. अ‍ॅड्रेनालिन नेमकं कधी द्यायचं? उगाच दिलं तर?

श्वासाला त्रास, घरघर, आवाज बसणं, घसा आवळणं, चक्कर किंवा गळून जाणं, अथवा त्वचेच्या लक्षणांसोबत वारंवार उलट्या: यांतलं काही दिसलं की थांबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, इंजेक्शनच्या तयार पेनमध्ये ती ठरलेली असते. मुलाला आडवं करा, पाय उंच. धाप असेल तर बसू द्या, पण उठवून चालवू नका. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी इस्पितळात न्या, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात. उगाच दिलेल्या डोसने थोडी धडधड आणि थरथर होते. उशिरा दिलेल्या डोसची किंमत फार मोठी असते.

२२. मुलगा डोस पाहूनच रडतो. जबरदस्ती करावी का?

नको. स्टॅनफर्डमध्ये ७ ते १७ वयाच्या ५० मुलांवर झालेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या कुटुंबांना सौम्य लक्षणं म्हणजे शरीर शिकत असल्याची खूण, अशी समजूत दिली. बाकीच्यांना ती उपचाराचा नको असलेला परिणाम म्हणून सांगितली. पहिल्या गटाची चिंता कमी राहिली, घाबरून डॉक्टरांना केलेले फोनही कमी झाले. अर्थात हे सौम्य लक्षणांपुरतंच. मूल सांगतंय ते ऐकून घेणं आधी. कधी कधी ‘नको’ म्हणण्यामागे खरोखर पोट दुखत असतं.

२३. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे पण त्रास कधीच झाला नाही. किंवा त्रास होतो पण तपासणी निगेटिव्ह. मग?

पहिल्या बाबतीत कदाचित अ‍ॅलर्जीच नसेल. आयजीई सापडणं म्हणजे शरीराने त्या प्रथिनाची नोंद घेतली, एवढंच. जो पदार्थ मूल आजही बिनत्रास खातं, तो तपासणीच्या कागदावरून बंद करू नका. नियमित खाणं थांबल्यावर खरी अ‍ॅलर्जी उभी राहिल्याची उदाहरणं आहेत. पदार्थ कधी खाल्लाच नसेल, तर देखरेखीखाली खाऊन पाहणं हीच निर्णायक चाचणी.

दुसऱ्या बाबतीत आजार वेगळ्या जातीचा असू शकतो. काही बाळांना पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या होतात, बाळ पांढरं पडतं, मलूल होतं. अंगावर पित्त नाही, आयजीई नाही. याला एफपीआयईएस म्हणतात. इथे आयजीईचा खेळच नसल्याने वर सांगितलेली ओआयटी लागू पडत नाही. या मुलांपैकी बहुतेकांचा त्रास वाढत्या वयात जातो. तो गेला की नाही हे पाहायचं असेल, तर पदार्थ पुन्हा देण्याचा प्रयोग शिरेतून सलाइन देता येईल अशा ठिकाणीच करतात.